ती बाई आणि आमचे हे

आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली आणि त्यातली निदान पस्तीस वर्षं मी एका बाईवर जळत होते. ती बाई शास्त्रातली, हजारो वर्षांपूर्वीची. पण आमचे हे तिच्यासाठी जितके हळवे व्हायचे तितके माझ्यासाठी कधी झाले नाहीत, मग जळू नको तर काय करू?

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. आमचं नवं वर्ष गणपती-नवरात्राच्या मागेपुढे कधीतरी येतं, त्याला आम्ही नव्याचा सण म्हणतो. त्या सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या मंदिरात, तिची गोष्ट वाचतात. तिला मूल नसतं. सवत लेकुरवाळी, ती हिला घालूनपाडून बोलते. नवरा म्हणतो, मी आहे ना तुला, मुलं कशाला हवीत? नवरे कुठल्याही काळातले असोत, समजूत काढायची त्यांची पद्धत तीच. मग ही देवाच्या घरी जाते आणि मनातलं सगळं देवाला सांगते. ओठ हलतात, पण आवाज येत नाही. दाराशी म्हातारा याजक बसलेला असतो. तो तिच्या तोंडाकडे बघतो आणि ठरवून टाकतो की बाई पिऊन आलेली आहे. तिला झापतो. ती गप्प बसत नाही. सांगते त्याला, महाराज, मी प्यायलेली नाही, दुःखात आहे आणि मन मोकळं करतेय.

हे ती गोष्ट आधी हिब्रूत वाचत आणि मग वर माडीवर बसलेल्या बायकांना कळावी म्हणून मराठीत. यांचा आवाज म्हणजे काय सांगू. जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर होते, ट्रेलरच्या घरघरीवर ओरडून ओरडून तयार झालेला आवाज. पण ‘ओठ हलत होते’ या जागेला आले की चष्मा काढून पुसायचे. मी वरून बघायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरात बायकोने तोंड उघडलं की पेपर वर करणारा माणूस, आणि त्या बाईच्या न ऐकू आलेल्या शब्दांसाठी यांच्या डोळ्यांत पाणी.

माझी प्रार्थना वेगळी. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की मी देवाशी मोठ्याने बोलते. विचुंब्यात आमची सोसायटी नवी, तिथे पाण्याच्या टँकरपासून लिफ्टपर्यंत तक्रारींना तोटा नाही. शिवाय इस्राएलला गेलेला मुलगा फोन करत नाही, सुनेला मी केला तर ती दोन मिनिटांत ठेवते, हेही देवाच्या कानावर घालायचं असतं. हे आतून म्हणायचे, "देवाशी बोलतेस की सोसायटीच्या सेक्रेटरीशी?" मी म्हणायची, "तुमच्या हिब्रूपेक्षा त्याला माझं मराठी बरं कळतं." असं आमचं चालायचं. हिब्रू त्यांचं खातं, गाऱ्हाणी माझं.

मार्च महिन्यात एका सकाळी हे दाढी करत होते आणि हातातलं रेझर पडलं. मी स्वयंपाकघरातून ओरडले, काय पाडलंत? जाऊन बघते तर भिंतीला टेकून उभे, अर्ध्या गालावर साबण, आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजाऱ्यांनी उचलून गाडीत घातलं, म्हणून वेळेत हॉस्पिटलला पोचलो.

जीव वाचला. पाय हळूहळू उचलायला लागले, उजवा हात थोडा मागे राहिला. पण बोलणं गेलं. डॉक्टरांनी समजावलं की यांना आपलं सगळं कळतं, डोक्यात शब्दही आहेत, फक्त ते तोंडापर्यंत येत नाहीत. उरला होता एक आवाज, "ता". पाणी हवं तरी ता, पंखा बंद कर तरी ता. पहिले काही दिवस मी प्रत्येक ताचा अर्थ विचारायची, मग तेही घाबरे व्हायचे आणि मीही.

नवीन पनवेलला बोलणं शिकवणारी एक मुलगी आहे, तिच्याकडे आठवड्यातून दोनदा न्यायची. ती चित्रांची कार्डं दाखवायची, केळं, छत्री, सायकल. ज्या माणसाला पानंच्या पानं हिब्रू तोंडपाठ होतं तो केळ्याकडे बघत घामाघूम व्हायचा. ती मुलगी म्हणाली, "काकू, कधीकधी बोलणं येत नाही पण पाठ असलेलं गाणं येतं. प्रार्थना येते. येईलच असं मी सांगत नाही. पण सोडू नका."

एवढं ऐकलं आणि मी घोळ घातला. आमच्यात नवस बोलतात आणि तो पुरा झाला की मलिदा करतात. गूळ-खोबऱ्यात कालवलेले गोड पोहे, वर वेलची, भोवती पाच फळं, ताट मध्ये ठेवून सगळ्यांनी प्रार्थना म्हणायची. पुरा झाल्यावर, हे महत्त्वाचं. यांचं बोलणं परत येऊ दे म्हणून मी नवस बोलले, आणि मलिदा आधीच केला. एप्रिल संपत आला होता, मला दम नव्हता. आमच्या सिनेगॉगच्या प्रमुखाला आम्ही मुकादम म्हणतो. हे मुकादम यांचे शाळेपासूनचे दोस्त, मी त्यांना भावोजी म्हणते. त्यांना बोलावलं. ताट बघून ते म्हणाले, "वहिनी, नवस फळला?"

"नाही. हा ॲडव्हान्स समजा."

ते हसले नाहीत. गुमान बसले, प्रार्थना म्हटली. ती संपल्यावर मी पुस्तक उघडून यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, आता तुम्ही. मला खात्री होती हो. एवढं सगळं देवासमोर मांडल्यावर तो काय नाही म्हणणार? हे पुस्तकाकडे बघत राहिले. कपाळाची शीर ताठ झाली. "ता," म्हणाले. पुन्हा "ता". मग डाव्या हाताने ताट असं ढकललं की पोहे पार सोफ्याखाली गेले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मुकादम खाली बसून फळं गोळा करत होते आणि त्यांचाही चेहरा बघवत नव्हता. देवाची परीक्षा घ्यायला निघाले होते मी, आणि पेपर सोडवायला बसवलं या बिचाऱ्याला.

त्यानंतर मी देवाशी अबोला धरला. शुक्रवारचे दिवे लावायचे, पण तोंडातून अक्षर काढायचं नाही. जेवणाचंही तसंच. यांना भरवायचं आणि आपण ओट्याशी उभ्याने चहात पाव बुडवून मोकळं व्हायचं. ब्लाउज ढिले झाले. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, मम्मी, तू किती बारीक झालीस. मी म्हटलं, डाएट करतेय.

आमच्याकडे करंजाहून एक कोळीण येते, मंगळवारी आणि शुक्रवारी. आम्हाला खवल्यांचाच मासा चालतो हे तिला ठाऊक, त्यामुळे कोलंबी-खेकड्यांची टोपली ती आमच्या दारात उघडतसुद्धा नाही. एका शुक्रवारी ती दाराशी बसून पालू मासा साफ करत होती. हे हॉलमध्ये खुर्चीवर, खिडकीकडे तोंड करून. मी भांडं आणायला आत वळले तशी ती म्हणाली, "वयनी, भाऊ काय बोलतान गो?"

"ते कुठले बोलतायत," मी म्हटलं. मला तिडीक आली होती.

"नाय कशी? ओठ हालतान त्यांचे. मी आल्यापासून हालतान. तुला ऐकू येत नाय म्हनून काय ते बोलत नाय?"

मी बाहेर येऊन बघितलं. खरंच ओठ हलत होते. मला वाटायचं तोंड वाकडं झालंय, नस उडत असेल. इतके दिवस मी त्या तोंडात घास घालत होते, हनुवटी पुसत होते, पण त्या ओठांकडे काही मी नीट बघितलं नव्हतं. खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. आवाज शून्य. पण ओठ थांबत होते, पुन्हा सुरू होत होते, आणि एका जागी यांनी मान किंचित झुकवली. मग थोड्या वेळाने डावी टाच उचलली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती शुक्रवारची प्रार्थना होती. सदतीस वर्षं मी भाजी परतता परतता, चिडत चिडत ती ऐकली होती, अर्थ कळत नव्हता, पण कुठे मान झुकते आणि कुठे टाच उचलते हे मला पाठ होतं. ते सगळं जागच्या जागी होतं. एक शब्द हरवलेला नव्हता.

आणि मी कोण होते? मी दाराशी बसलेला तो म्हातारा होते. ओठ हलताना दिसत होते आणि मी ठरवून टाकलं होतं की आत काही नाही.

मला रडू आलं ते आवरेना. "चुकले मी," एवढंच म्हणाले. यांनी प्रार्थना तोडली नाही, फक्त डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि ओठ हलत राहिले. कोळीण म्हणाली, "वयनी, रड मागून. मासा ऊन खातोय, भांडं आन."

त्या दुपारी मी ताट वाढून घेतलं, खाली बसले आणि भात-कालवण पोटभर जेवले. त्या गोष्टीत एक बारीक वाक्य आहे. देवाशी बोलून झाल्यावर ती बाई परत आली, जेवली, आणि तिचा चेहरा पहिल्यासारखा उदास राहिला नाही. मी दरवर्षी ते ऐकून सोडून द्यायची, जेवली तर जेवली. पण तेव्हा तिच्या हातात काय होतं? काही नाही. मूल व्हायला अजून अवकाश होता, सवत तीच, नवरा तोच. तरी बाई जेवली. विश्वास म्हणजे छाती पुढे काढून काहीतरी मोठं म्हणायचं असतं असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं की ज्याने ऐकायचं त्याने ऐकलं एवढ्यावर चार घास पोटात जाणं, यालाही विश्वास म्हणतात.

मग मी त्यांचं खातं उघडलं. आमच्याकडे हिब्रू प्रार्थना देवनागरीत छापलेलं एक जुनं पुस्तक आहे, ते काढलं. रोज संध्याकाळी यांच्या शेजारी बसायचं, त्यांच्या ओठांवर डोळे ठेवायचे आणि मोठ्याने वाचायचं. मी चुकले की हे टेबलावर बोट आपटायचे. पुन्हा चुकले की दोनदा. त्यांच्या आयुष्यात त्यांनी मला इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं, आणि मीही त्यांना. "आता कळलं का, बायको बोलते तेव्हा पेपर खाली ठेवायचा असतो," मी म्हणायची. ते एका बाजूने हसायचे. ऑगस्टमध्ये एकदा ओठांबरोबर थोडा श्वास ऐकू आला, मग एकदा श्वासाबरोबर घशातली घरघर. शब्द नव्हता. ती शिकवणारी मुलगी ऐकून म्हणाली, काकू, चालू ठेवा.

नव्याचा सण आठवड्यावर आला तेव्हा यांनी स्वतः कपाट उघडून पांढरा शर्ट काढला आणि माझ्यासमोर धरला. यांना काय हवंय ते सांगायला शब्द लागत नव्हते. आमची सामुदायिक प्रार्थना सुरू व्हायला किमान दहा पुरुष लागतात. दहा नसले तर प्रार्थनेतला मोठा भाग म्हणताच येत नाही. अर्धे लोक इस्राएलला गेले, उरलेले ठाण्या-मुंबईला, त्यामुळे आमच्या लहानशा सिनेगॉगमध्ये दहा जमवताना मारामार. वयाच्या तेराव्या वर्षापासून हे त्या दहात होते. यांना तिथे बघायला म्हणून जायचं नव्हतं. त्या दहातला एक म्हणून उभं राहायचं होतं.

आदल्या दिवशी सकाळी मुकादमांचा फोन आला. "वहिनी, त्याला आणा, पुढच्या बाकावर आरामात बसवा. पण दहात मी त्याला धरत नाही. उत्तर देता येत नाही ना त्याला, आमेन म्हणता येत नाही. मी पेणहून एकाला बोलावलंय." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि मग तासभर भांडी घासत बसले. यांना सांगितलं नाही. जीभच रेटली नाही.

सकाळी यांना पुढच्या बाकावर बसवून मी वर माडीवर गेले. आम्ही बायका मोजून पाच. आता, आमच्यात माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत, ते चांगलं समजत नाहीत. शास्त्रातलं दहा शब्दांचं एक वचन आहे, ते म्हणत जायचं, माणसागणिक एक शब्द. वचन पुरं झालं की दहा झाले. मुकादम मधून फिरत ते वचन म्हणायला लागले. स्वतःसाठी एक शब्द, मग पहिला बाक, दुसरा बाक. यांच्यासमोर आले आणि शब्द न उच्चारता पुढे गेले. दाराजवळच्या माणसापाशी नववा शब्द झाला. दहावा आलाच नाही.

वचन तसंच अर्धवट राहिलं. पेणच्या माणसाची वाट बघत सगळे बसले. आधी दहा मिनिटं, मग वीस. मी वरून फक्त यांच्याकडे बघत होते. ते वचन यांनी गावातल्या किती मुलांना शिकवलं होतं. त्यांना कळलं होतं आपल्याला गाळलंय ते. मान हळूहळू खाली गेली आणि डावा हात पांढऱ्या शर्टाचं बटण उगाच चाचपायला लागला.

माझ्याने बघवेना. उठले. शेजारणीने पदर ओढला, "अगं, खाली कुठे चाललीस?" पदर सोडवून घेतला आणि जिना उतरून पुरुषांच्या बाजूच्या उंबऱ्याशी उभी राहिले.

"भावोजी, एक विचारू?"

"वहिनी, आत्ता?"

"आत्ताच. आज जी गोष्ट वाचणार आहात, त्यात दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याचं काय चुकलं?"

सगळे मुकादमांकडे बघायला लागले. मग मुकादमच म्हणाले, "त्याला ऐकू आलं नाही."

"ऐकू येण्यासारखं नव्हतंच ते. त्याला दिसत होतं. ओठ दिसत होते आणि तरी त्याने बाईला हिशेबात धरलं नाही. देवाने धरलं." माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की सुटला. "चार-पाच महिने मी रोज यांच्या शेजारी बसतेय. एक शब्द चुकत नाहीत. मी चुकले तर टेबलावर बोट आपटतात. तुम्ही चुकलात तर तुमच्यावरही आपटतील."

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मुकादम हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, नियम मलाही माहीत आहे. मुका माणूसही दहात चालतो. पण पन्नास वर्षं माझ्या डाव्या कानात त्याचाच आवाज आहे. तो शेजारी उभा असेल आणि तो आवाज येणार नाही, हे मला सहन होणार नाही." आणि त्यांनी प्रार्थनेच्या शालीने डोळे पुसले.

माझा राग ओसरला तो ओसरलाच. या माणसाला मी कालपासून मनात शिव्या घातल्या होत्या, आणि हा आपल्या दोस्तासाठी आतल्या आत रडत होता. त्याचंही मला ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, "मलाही होत नाही, भावोजी. तरी उभं राहू या."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वचन म्हटलं, या वेळी प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत. यांच्यापाशी शेवटी आले. खांद्यावर हात ठेवून दहावा शब्द म्हणाले, आणि हे बाकाला धरून उभे राहिले.

मी वर गेले. प्रार्थना सुरू झाली. पहिलं आमेन आलं, सगळ्यांनी एका दमात म्हटलं, मुकादम पुढची ओळ उचलणार इतक्यात खालून एक आवाज आला. बारीक, खरखरीत, अर्धा. "आ... मे." मी माडीचा कठडा घट्ट धरला. मुकादमांचं बोट पुस्तकावर थांबलं. ते वळले नाहीत, पुढे वाचायला लागले. दुसऱ्या आमेनला सगळ्यांचं म्हणून झालं आणि ते आपणहून थांबले. सगळेच थांबले. आवाज आला, मग पुढची ओळ. तिसऱ्यालाही तसंच. माझ्या मनात मागायच्या पुष्कळ गोष्टी होत्या, पण त्या सकाळी मी वर बसून एकही मागितली नाही.

असंच एक आमेन सगळ्यांचं म्हणून झालं होतं आणि सगळे गप्प उभे होते, तेवढ्यात दार ढकलून पेणचा माणूस आत आला. घामाने निथळत होता. सगळं सिनेगॉग शांत बघून तो ओशाळला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "माफ करा, वाटेत फार अडकलो. माझ्यासाठी थांबलात ना?"

मुकादमांनी मान हलवून नाही म्हटलं आणि बोटाने आमच्या यांच्याकडे दाखवलं.